परसातला कोठा

शेजारच्या गुलाबभाऊंचा कोठ्याच्या परवानगीचा अर्ज मीच लिहून दिलेला, म्हणून नगरपालिकेत मलाही सोबत जावं लागलं. परसात गाईंसाठी टिनाचं शेड अर्धं उभं झालं, अन् ‘पाडा’ म्हणून नोटीस आली होती.

पुण्याकडून नवीनच आलेले साहेब अर्ज आपटून म्हणाले, "भरवस्तीत कोठा? लाज नाही वाटत?"

"लाज कायची साहेब? आमच्या गल्लीत तीन घरी हाय," भाऊ म्हणाले.

साहेबांनी आवाज खाली आणला. "आणि तिथे असतं कोण?"

"दोघीच हायेत. गंगा अन् कपिला."

"चालते व्हा!"

भाऊंनी हात जोडले. "असं नोका करू साहेब. कपिला गाभण हाय. पावसात कुठं बांधू तिले?"

साहेबांनी माझ्याकडे बघत अर्ज पुन्हा ओढून घेतला. मग त्यांनी पेन उचलला, अर्जात ‘कोठा’ लिहिलेलं त्यातल्या ‘को’चा स्वतःच्या हातानं ‘गो’ केला अन् खाली मंजुरीची सही ठोकली.