ताऱ्यांचं पान

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष माननीय आरोग्यमंत्री महोदय, व्यासपीठावर विराजमान असलेले सचिव महोदय, ज्यांच्यासाठी आपण सगळे कामं बाजूला ठेवून इथे जमलो त्या आमच्या संचालकबाई, पहिल्या रांगेत बसलेले त्यांचे यजमान, आणि सभागृहातल्या माझ्या डॉक्टर, परिचारिका आणि कार्यालयातल्या बंधू-भगिनींनो, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. मी गावच्या शाळेत शिकलेला माणूस. तिथे उभं राहून बोलायचं म्हणजे एक तर कविता म्हणायची किंवा न केलेल्या अभ्यासाचं कारण सांगायचं. त्यामुळे थोडा वेळ इकडेतिकडे झाला, तर सांभाळून घ्या.

बाईंबद्दल चांगलं बोलणं सोपं आहे. मघापासून सगळे तेच करत आहेत. त्या वेळेच्या आधी येतात, चहात साखर घेत नाहीत, आणि बैठक रंगात आली की चष्मा काढून म्हणतात, "थांबा." त्यावरून आम्ही त्यांचं नाव 'थांबाबाई' पाडलं होतं. त्यांना ते माहीत नाही, असं आम्हाला इतकी वर्षं वाटत होतं. त्यांचे यजमान आत्ता हसले, म्हणजे घरीही माहीत आहे. मंत्रीसाहेबांनी आपल्या भाषणात 'बाई जरा जास्तच सावध' असं म्हटलं, तेव्हा मागच्या बाकांवर जी कुजबुज झाली तीही मी ऐकली. मला बोलायचंय ते त्या सावधपणाबद्दलच.

सभागृहातल्या सगळ्यांना पार्श्वभूमी ठाऊक नसेल. देशातल्या प्रत्येक सरकारी रुग्णालयात माणसाला नीट उपचार मिळावेत, म्हणून सगळ्या देशासाठी एक धोरण करायचं काम बाईंकडे आलं. हात धुण्यापासून ते रक्त तपासण्यापर्यंत सगळं त्यात होतं. आणि एक पान होतं ताऱ्यांचं. ज्या रुग्णालयात कमी माणसं दगावतील त्याला जास्त तारे. तारे फाटकावर लावायचे, लोकांना दिसतील असे. कल्पना चांगली होती. वाईट कल्पना ओळखायला वेळ लागत नाही. चांगल्या दिसणाऱ्या कल्पनेनेच आमच्यासारखी माणसं फसतात.

थोड्या रुग्णालयांमध्ये ते करून पाहिलं. एका ठिकाणी तर मृत्यू अर्ध्यावर आले. कार्यालयात आनंदीआनंद. साहेबांनी स्वतः फोन करून अभिनंदन केलं. बाई मात्र त्या आकड्याकडे बघत बसल्या. मग चष्मा काढून एवढंच म्हणाल्या, "माणसं मरायची थांबली, की इथे यायची थांबली?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कुणाला न सांगता तिथे गेलो. फाटकावर चार तारे, पितळेचे, घासूनपुसून चकचकीत. आत अपघात विभागाबाहेर एक लांब बाक होता, त्यावर जाऊन बसलो. बाईंनी साधी सुती साडी नेसली होती. माझ्याकडे बघून तर कुणालाच कधी मी अधिकारी वाटत नाही.

दुपारी एक मुलगी वडिलांना घेऊन आली. वडील ट्रकचालक होते, हे तिने नंतर सांगितलं. त्यांना धाप लागली होती, ओठ निळे पडलेले. ड्युटीवरचा तरुण डॉक्टर लगेच बाहेर आला, नाडी पाहिली, छाती ऐकली. मग अगदी मऊ आवाजात तिला म्हणाला की इथे सोय नाही, मोठ्या रुग्णालयात न्यावं लागेल. मुलगी म्हणाली, सकाळपासून हे तिसरं फाटक आहे. तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती खूप दमली होती.

बाई उठल्या. दाराच्या काचेतून आतल्या रिकाम्या खाटेकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ती खाट कुणाची?"

डॉक्टरने त्यांना बाजूला घेतलं. "मावशी, खाट आहे हो. पण हे उद्याचा दिवस बघणार नाहीत. इथे गेले की आमच्या नावावर चढतात. तारा जातो."

"तारे लावले कुणी?"

"वरच्यांनी. त्यांना काय, कागदावर मांडायचं असतं."

"ती वरची मी," बाई म्हणाल्या. "यांना आत घ्या."

त्या पोराचा चेहरा मला अजून दिसतो. त्याला मी दोष देत नाही. दिवसभर माणसं वाचवणारा डॉक्टर तो. पण दार कधी लावायचं, हे त्याला आमच्या त्या पानाने शिकवलं होतं.

मुलीने विचारलं, "आता कुठे न्यायचं?"

"कुठेही नाही," बाई म्हणाल्या.

त्यांना आत घेतलं, प्राणवायू लावला. तासाभरात धाप कमी झाली. त्यांनी मुलीशी दोन शब्द बोलून घेतले, ट्रकच्या किल्लीबद्दल काहीतरी. डॉक्टर म्हणाला होता तसंच झालं. दिवस मावळायच्या आत ते गेले. पण गेले ते अंथरुणावर, लेकीचा हात हातात धरून. रिक्षात बसून चौथ्या फाटकाकडे जाताना गेले नाहीत.

निघताना डॉक्टर आमच्या गाडीपर्यंत आला. म्हणाला, आता पुढच्या महिन्यात शिपाई शिडी लावून सगळ्यांसमोर एक तारा उतरवेल, मी माझ्या लोकांना काय सांगू? बाई म्हणाल्या, माझं नाव सांगा.

परतीच्या रस्त्यावर मीच त्यांना माझ्या शाळेची गोष्ट सांगितली. आमच्याकडे तपासणीला मोठे साहेब यायचे, त्याच्या आदल्या दिवशी गुरुजी कच्च्या मुलांना सांगायचे, उद्या घरी राहा. वर्ग हुशार दिसायचा. साहेब खूश, गुरुजी खूश. माझ्या धाकट्या भावालाही असंच एकदा घरी ठेवलं. तो फार खूश झाला, दिवसभर विहिरीवर पोहला. दुसऱ्या दिवशी मात्र तो शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आपण नसलो की वर्ग चांगला दिसतो, हे एकदा कळलेलं मूल परत कशाला येईल? आज तो सुखात आहे, माझ्यापेक्षा चांगलं घर बांधलंय त्याने. पण सही करायची वेळ आली की अजून मान खाली घालतो.

बाईंनी ऐकून घेतलं. कार्यालयात आल्या आणि ते पान मसुद्यातून काढलं. त्याजागी दुसरं घातलं. फाटकावरून कोण परत गेलं, का गेलं, त्याचं पुढे काय झालं, हे प्रत्येक रुग्णालयाने विचारायचं. घरी जाऊन विचारायचं. आणि सांगायचंही, लाज वाटली तरी. जो सांगेल त्याला शिक्षा नाही.

या पानाला तारे लागत नाहीत. याची घोषणा करायला कुणाला आवडत नाही. म्हणून धोरण अडलं, दोन वर्षं अडलं, आणि बाई आज ते अडलेलं ठेवूनच जात आहेत. त्यांना मुदतवाढ का मिळाली नाही, हे मी विचारणार नाही. ते माझं काम नाही, आणि आजचा दिवसही त्यासाठी नाही.

माझं काम कुठलं, ते मात्र कालच ठरलं. उद्यापासून बाईंच्या खुर्चीवर मी बसायचंय. मघाशी चहाच्या वेळी साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हसत म्हणाले, "ते पान परत लावा आणि सही करून द्या. सोमवारी जाहीर करू. तुम्ही समजूतदार आहात." साहेब, तुम्ही हे प्रेमाने म्हणालात, हे मला कळलं. नाही म्हटलं तर खुर्ची दुसऱ्याला जाईल, हेही तुम्ही न बोलता मला कळलं. घरी मुलीचं शिक्षण चालू आहे. पत्नीने सकाळी माझ्या शर्टाची इस्त्री दोनदा केली, नवा संचालक म्हणून. ती आत्ता त्या खांबाशेजारी बसली आहे आणि मी हे सगळं बोलतोय म्हणून माझ्याकडे डोळे वटारून बघते आहे.

मी रोज सकाळी देवासमोर थोडा वेळ हात जोडून बसतो. मागत काही नाही. आज मात्र मागितलं, की बोलताना आवाज कापू नये. तो कापतोच आहे, तुम्हाला ऐकू येत असेल. देवाचंही बरोबर आहे, सगळंच कसं देणार?

साहेब, मसुदा मी आणला आहे. सही केली आहे. त्यात फाटकावरून परत गेलेल्यांचं पान आहे. ताऱ्यांचं पान नाही. ते घालून हा मसुदा माझ्या सहीने जाणार नाही. सोमवारी तुम्ही हाच जाहीर करणार असाल, तर मी उद्या कामाला लागेन. नसाल, तर उद्या मी माझ्या जुन्या टेबलावर असेन. तिथेही खिडकी आहे, उजेड चांगला येतो.

बाई, तुम्हाला मी निरोप द्यायला उभा राहिलो होतो आणि भलतंच बोलत बसलो. तुमच्या हाताखाली शिकायला मिळालं, याबद्दल मी आपला ऋणी आहे. आता थोडी विश्रांती घ्या. यजमानांना चहा करायला लावा, त्यांना जमेल.

मला बोलायची संधी दिल्याबद्दल आयोजकांचे आभार. आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल आपले आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर लहान समजून क्षमा करा. मसुद्यात जे लिहिलंय त्याबद्दल मात्र क्षमा मागत नाही. तो साहेबांच्या समोर ठेवतो, आणि बसतो.