बेकायदा नव्हता, एवढंच

माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील विश्वस्त मंडळी, आज निवृत्त होणारे आपल्या संस्थेचे कायदा सल्लागार वकीलसाहेब, सहकारी आणि खुर्च्या न मिळालेले विद्यार्थी,

मी कार्यशाळेची प्रमुख. साहेबांविषयी बोलायला मला पाच मिनिटं दिली आहेत. साहेब स्वतः त्याहून कमी बोलतात, तेव्हा पुरतील.

आपल्या यंत्रशाखेत पूर्वी मुली नव्हत्या. मुलींना यंत्रांची आवड नसते, असं कारण सांगत. कार्यशाळेतल्या एकुलत्या एक स्वच्छतागृहाला आतून कडी नव्हती, हे कारण कुणी सांगत नसे. मग एका कारखानदार बाईंनी स्वतःच्या पैशातून शिष्यवृत्ती ठेवली, फक्त मुलींसाठी. पहिली मला मिळाली. माझ्याहून जास्त गुण एका मुलाला होते. हे मी दरवर्षी सांगते; मी नाही सांगितलं तर दुसरं कुणी सांगतंच.

तो मुलगा साहेबांचा भाचा. त्याच्या आईनं, म्हणजे साहेबांच्या सख्ख्या थोरल्या बहिणीनं, संस्थेवर दावा लावला. साहेब संस्थेला म्हणाले, मी बाजूला होतो, दुसरा वकील बघा. ताईंनीच अडवलं. "तूच उभा राहा. निदान खोटं तरी बोलणार नाहीस."

साहेब खोटं बोलले नाहीत. प्रवेश सर्वांना खुला आहे, राखीव आहे ती फीची मदत. जिथं मुली पोचतच नाहीत तिथं त्या पोचाव्यात म्हणून ती आहे, आणि कायद्याला हे चालतं, असं त्यांनी मांडलं. कडीचाही उल्लेख झाला. न्यायाधीशांनी तो पुन्हा वाचायला लावला. दावा फेटाळला गेला.

मी साक्षीला गेले होते. बाहेर जिन्यात ताईंनी भावाला गाठलं.

"आता घरच्यासारखं सांग. माझ्या पोरावर अन्याय झाला की नाही?"

"झाला, ताई. बेकायदा नव्हता, एवढंच."

"मग आत का नाही बोललास?"

"आत कुणी विचारलं नाही."

त्या दिवसापासून ताईंनी बोलणं टाकलं. भाचा दिवसा नोकरी करून संध्याकाळच्या वर्गात शिकला. साहेब इकडे दर बैठकीत एकच ठराव मांडत राहिले: मुलींची शिष्यवृत्ती राहू द्या, शेजारी गरजू मुलांसाठीही एक ठेवा. विश्वस्त दरवेळी चहा मागवत. गेल्या वर्षी चहा संपला असावा. ठराव मंजूर झाला. भाच्याला आता त्याचा काय उपयोग?

ती शिष्यवृत्ती न्याय्य होती का? होती. त्या मुलावर अन्याय झाला का? झाला. दोन्ही खरं धरून मी इथं शिकवते. त्रास होतो. चालवून घेते.

परवा ताईंकडे आमंत्रण द्यायला गेले. तिथं काय बोलणार, त्यांनी विचारलं. जिन्यातलं सगळं माइकवर सांगणार, म्हटलं. "मग येते," म्हणाल्या.

त्या आल्या आहेत. पहिल्या रांगेत नातेवाइकांसाठी राखीव खुर्ची होती. तिच्यावर त्या बसल्या नाहीत. शेवटच्या रांगेत बसल्या आहेत.

काही अधिक-उणं बोलले असेन तर सांभाळून घ्यावं. ऐकून घेतलंत, आभारी आहे. आणि मधल्या वाटेत उभे असलेल्यांनी जरा बाजूला व्हावं. साहेब व्यासपीठावरून उतरले आहेत.