बिनपोथीचं व्रत

नाही, तिथी नाहीच त्याला, तेच तर सांगतेय गुरुजी – तारीख आहे. एक डिसेंबर. म्हणजे आजच. हो, इंग्रजी तारीख. तुम्ही पंचांग का मिटलंत ते कळलं मला. – ओम, पळीला हात नाही लावायचा, इकडे ये, मांडीवर बस – ह्याला मुद्दामच आणलंय. एकटी निघाले असते तर सासूबाईंनी विचारलं असतं कुठे, मूल कडेवर असलं की कोणी विचारत नाही, डॉक्टरकडे चालली असेल म्हणतात. तर मी काय म्हणत होते – उद्यापन. पाच वर्षं झाली, सुनेच्या व्रताचं उद्यापन करायचं असं आईंनी ठरवलंय. आई म्हणजे सासूबाई. येत्या रविवारी. अकरा सवाष्णी, एक मेहूण, पुरणाचा स्वयंपाक, आणि सांगायला वेणीमाधवगुरुजी, म्हणजे तुम्हीच, दुसरं कोणी नको. तुम्ही त्यांना एवढंच सांगायचं, की ह्या व्रताला उद्यापन नसतं, ते जन्मभर करायचं असतं. असतात ना अशी व्रतं? – असतील हो, नीट आठवा. तुमचा शब्द त्या खाली पडू देत नाहीत.

कुठल्या देवाचं – बघा, इथेच माझी पंचाईत होते. त्यांनीही हेच विचारलं होतं. एम.ए. झालेय मी, पण ताटावर बसून खोटं बोलायची वेळ आली तेव्हा एक देव आठवेना. म्हटलं, माहेरचं आहे. माहेरचं म्हटलं की सासरी पुढे विचारत नाहीत, आणि माझी आई तर लग्नाआधीच गेलेली, म्हणजे पडताळायलाही कोणी नाही. खरं म्हणजे त्या दिवशी, त्या पहिल्या एक डिसेंबरला, मला फक्त जेवायचं नव्हतं. दुपारी आल्हादचा, माझ्या भावाचा, पुण्याहून फोन आला होता – रस्त्यावरच्या बूथवरून, मागे गाड्यांचे आवाज – म्हणाला, आभा, आज जगभर लोक मेणबत्त्या लावतात, त्या आजाराने, एड्सने, गेलेल्यांसाठी, समाधानसाठी लावणारा मी एकटाच आहे, तू एक लाव. आता मला सांगा, नव्या सुनेने लाइट असताना मेणबत्ती लावली तर घरात काय उत्तर द्यायचं? नाही लावली. पानावर बसले, घास उतरेना, आई म्हणाल्या काय झालं, आणि तोंडातून निघून गेलं – आज माझा उपवास आहे. त्या उठल्या, शेंगदाणे भाजले, बटाट्याचा कीस केला. आणि मी तो सगळा खाल्ला. शोक करायला बसलेली बाई दोनदा वाढून घेते, हे तुम्ही कुठल्या कथेत ऐकलंय का?

समाधान? – आल्हादचा मित्र. सायखेड्याचा. घरची फुलं, भाजी, मार्केटला रोज टेम्पो. चांगले लोक. पुण्यात कॉलेजला एकत्र होते, मग एका खोलीत राहिले – खर्च वाचतो म्हणून, असं आमचे बाबा सांगायचे सगळ्यांना. मग दोघांना नोकऱ्या लागल्या, तरी खर्च वाचवतच राहिले. – असे बघू नका गुरुजी. मलाही समजायला वेळ लागला. भाऊबीजेला दोघं यायचे, मी आल्हादला ओवाळायचे, समाधान पाटाच्या बाजूला उभा, आणि आल्हाद म्हणायचा, ह्यालाही ओवाळ. मी ओवाळायचे. भाऊ म्हणून. पण तो भाऊ नव्हता, ते मला ठाऊक होतं आणि निरांजन हातात असतानाच ठाऊक होतं. काय होता मग? – वहिनी म्हणता येत नाही. दोघं मिळून मेहूणच होतं ते. हा शब्द मी आज पहिल्यांदा मोठ्याने बोलतेय, आणि तोही तुमच्यासमोर.

आजारपणात घरचे त्याला गावी घेऊन गेले. गावात सांगितलं, कावीळ. गेला तेव्हा आल्हाद नाशिकपर्यंत आला, सायखेड्याच्या पुलावर उभा राहिला, खाली घाटावर जळताना दिसत होतं तेवढं बघितलं आणि परत गेला. खाली जायचं तर कोण म्हणून जायचं? नंतर एकदा मला विचारत होता – रामकुंडावर त्याच्या नावाने मला पाणी सोडू देतील का? मी म्हटलं, आधी नातं विचारतात. – नाही, ह्याचं उत्तर आत्ता नका देऊ. मी त्यासाठी नाही आले.

तर एका दिवसाचे चार दिवस होत गेले. सतरा मे आला, आल्हाद म्हणाला हा आमच्यासारख्यांच्या द्वेषाविरुद्धचा दिवस. धरला उपवास. मग वीस नोव्हेंबर – झुंबर म्हणून एक तृतीयपंथी आल्हादच्या संस्थेत काम करायची, तिला मारून टाकलं, बातमीसुद्धा नाही आली – तशा मारल्या गेलेल्यांची आठवण त्या दिवशी काढतात. तोही धरला. जूनचा शेवटचा रविवार मात्र आनंदाचा, मोर्चा काढतात, नाचतात, म्हणून त्या दिवशी मी शिरा केला. आई म्हणाल्या, हा उपवास नाही? मी म्हटलं, हा गोडाचा. त्यांनी वाटीभर खाल्ला आणि देवापुढेही ठेवला. मग त्याही माझ्याबरोबर धरायला लागल्या सगळं. सुनेला एकटीला उपाशी कसं ठेवायचं. आणि आता खालच्या मजल्यावरच्या साळूबाई – लग्नाला इतकी वर्षं झाली, मूल नाही – आईंनी त्यांना सांगितलं, आमच्या सुनेला ह्याच व्रतावर ओम झाला. झालं. ती बिचारी एक डिसेंबरला निर्जळी करते, गुरुजी. पाणीसुद्धा नाही. मला जिन्यात तिच्याकडे बघवत नाही. मी हे कुठे नेऊन ठेवलंय?

आणि रविवारी अकरा बायकांसमोर तुम्ही संकल्पाला विचारणार – व्रताचं नाव, कशासाठी केलं. मला खोटं बोलता येतं, पण हातावर पाणी घेऊन नाही येत. आणि खरं बोलले तर – आई वाईट नाहीत हो, पण आल्हादसाठी अजून मुली बघताहेत त्या. चांदवडची एक तर पसंतच आहे त्यांना. कळलं तर तो त्या घराची पायरी चढू शकेल का पुन्हा? ओमला मामा राहील का? भाऊबीजेला मी काय आता चंद्राला ओवाळायचं? म्हणून म्हणते, तुम्ही फक्त सांगा की उद्यापन नसतं –

काय? कोण येऊन गेलं? – आई? काल? पण काल त्या मेनरोडला वाती आणायला जाते म्हणाल्या होत्या. – आणि तुम्ही काय सांगितलंत? – की असं व्रत कुठल्याच पोथीत नाही. बरोबर आहे. नाहीच. – मग? काही म्हणाल्या असतील ना? – नुसता नमस्कार करून गेल्या?

काल रात्री मी दूध तापवायला उठले तेव्हा त्या ओट्यापाशी होत्या. साबुदाणा धूत होत्या. मी म्हटलं, आई, मी करते. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, तू झोप, मला माहितेय किती घालायचा ते.

– ओम, चल. गुरुजींना नमस्कार कर. – नाही, राहू द्या, पंचांग नका उघडू. रविवारचं आता तुम्हाला विचारून काय उपयोग. सोडा, ते दार मी ओढून घेते. खिचडी निवली असेल.