सूर्याच्या हातची डाळ

गॅस सिलिंडरच्या रांगेत माझ्यापुढे दोघी जावा उभ्या होत्या.

"भाऊजींनी गॅस वाचवायला सोलर कुकर आणलाय ना? मग तुम्ही इथे कशा, वहिनी?"

"अगं, गच्चीत ती पेटी मांडून राखण करत बसतात. शिजलं का बघायला घडीघडीला झाकण उघडतात. सगळी ऊब निघून जाते."

"मग डाळ?"

"कच्चीच! ह्यांना डुलकी लागली, की मी गुपचूप गॅसवर शिजवते आणि परत पेटीत ठेवते."

"सांगून टाका ना सरळ!"

"सांगणारच होते. तर पहिल्याच घासाला म्हणाले, सूर्याच्या हाताला काय चव आहे!"

"अगंबाई!"

"इतकी वर्षं माझ्याच हातचं गिळतायत, कधी चकार शब्द काढला नाही. चल, सरक पुढे. सूर्याचा गॅस संपलाय."