पाणी घालणारा माणूस

—नाही हो, कुठे उशीर? टोकं सारखी करायची म्हणजे वेळ लागतोच, ताई. घाईघाईत कात्री चालवली की मागून उंदरानं कुरतडल्यासारखं दिसतं. बसा निवांत. आणि ते दारातलं झाड ना — वाळलं ते. उन्हानं असेल. नाहीतर कीड. मला काय कळतंय झाडातलं, मी आपली केस कापणारी बाई. मान जरा खाली... हं.

लावलं होतं हौसेनं, खोटं कशाला बोलू? आमच्या जाऊबाई त्या झाडं लावणाऱ्या मंडळात आहेत — दर रविवारी सकाळी कुदळी-फावडी घेऊन एकेक गल्ली धरतात, फुटपाथची फरशी उचकटायची, खड्डा करायचा, रोप लावायचं. कुणाला पगार नाही की काही नाही. रिटायर्ड मास्तर, कॉलेजच्या पोरी, बेकरीवाला, सगळे. जाऊबाई म्हणाल्या, तुझ्या पार्लरसमोर नुसतं रखरखीत आहे, येतेस का? गेले. बरं वाटलं हो! नवरा बोटीवर, घरी मी आणि चार भिंती, तेवढंच माणसांत जाणं. खणायला माझ्या जोडीला तो होता. पलीकडच्या कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान आहे ना, ते त्याचंच. मंडळात सगळे त्याला वनमाळी म्हणतात, लाडानं. रोप ठेवलं, माती लोटली, आणि त्यानं माझे दोन्ही हात धरून मातीवर दाबले — ‘अशी घट्ट दाबायची, आत हवा राहता कामा नये.’ दाबून झालं. हात सोडेना. लोक टाळ्या वाजवतायत, जाऊबाई फोटो काढतायत, मी काय करणार — हसले. फोटोत हसतेच आहे मी. आता कुठल्या तोंडानं सांगू?

बरं, मंडळाचा नियम काय, तर ज्याच्या दारात झाड, त्यानं पाणी घालायचं. मी घालायचे. तरी हा रोज संध्याकाळी झारी घेऊन हजर. वीतभर रोप ते, त्याला किती पाणी लागतं? झारी रिकामी झाली तरी उभाच. काचेतून आत बघत. मग हळूहळू — ‘काल केस मोकळे होते, आज का बांधलेत?’ ‘दुपारी दुकान बंद होतं, कुठे गेला होतात?’ मी म्हटलं, असतो एकेकाचा स्वभाव. दुर्लक्ष केलं. आणि एका रविवारी सकाळी घराची मागची खिडकी उघडते, तर खाली नवीन रोप! माझ्या झोपायच्या खोलीच्या बरोब्बर खाली. हा झारी घेऊन उभा, वर बघून हात करतोय. मी घर कुठे ते त्याला सांगितलंच नव्हतं हो. कधीच नाही.

सांगितलं ना! जाऊबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, अगं देवमाणूस आहे तो, तुझ्या डोक्यात काहीतरीच येतं. नवऱ्याला फोनवर सांगितलं, तर — ‘पाणीच घालतोय ना? चांगलंय की!’ मंडळाच्या मास्तरांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं बिचाऱ्यांनी, पण म्हणाले, बाई, झाडाला पाणी घालतो म्हणून माणसाची तक्रार कशी करायची? कशी करायची, सांगा! त्यानं मला मारलं नाही, शिवी दिली नाही. परवा आत आला, शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर. ‘झारी भरून घेतो,’ म्हणाला. नळाकडे गेलाच नाही. दाराला पाठ लावून उभा राहिला आणि अगदी हळू आवाजात — ‘हे झाड आपलं दोघांचं आहे. आपण दोघांनी लावलंय.’ माझ्या हातातून कंगवा गळून पडला. त्यानं वाकून उचलला, टेबलावर ठेवला आणि गेला. एवढंच. हे कुणाला सांगितलं तर हसतील.

म्हणून तर मी उकळतं पाणी — काही नाही. उजवीकडे बघा जरा... ओतलं हो. वॅक्ससाठी पाणी तापवते ना, तेच. पातेलंभर, थेट मुळाशी. जिवंत रोप होतं, कोवळी पानं फुटली होती. पण म्हटलं, झाड गेलं की याचं येणं जाईल. जायचं कसलं! काल आला, पानं बघितली, नखानं साल खरवडली, मातीचा वास घेतला. मग उठून काचेला तोंड लावून हसला. ‘कीड नाही ही,’ म्हणाला. ‘असू दे. उद्या मोठं आणतो, सहजासहजी न मरणारं.’

उद्या म्हणजे आज, ताई.

काय? झाले? ... हो. केस कधीच झालेत तुमचे. मघापासून मी नुसती हवेत कात्री वाजवतेय. रागावू नका. पैसे नकोत मला, एक पैसा नको, फक्त उठू नका. त्याची यायची वेळ झाली. तुम्ही खुर्चीत असलात की तो आत — थांबा. हा तोच आवाज. टेम्पोतून कुंडी उतरवतोय.

—या... नाही, यांचं व्हायचंय अजून. रंग लावायचाय. हो ना, ताई? लावायचाय ना रंग? ... ऐकलंत? लावायचाय म्हणतात त्या. बराच वेळ जाईल. आणि ते झाड उचला. नको म्हटलं ना. माझ्या दारात नको, घरामागेही नको. खिडकीखालचं ते पण घेऊन जा. नाही, बाहेरही थांबायचं नाही. मी एकटी नाहीये. निघा तुम्ही. दार ओढून घ्या.

... ताई, गेला का हो? मला मान वर करवत नाही. तुम्हीच बघा ना आरशात.