खांद्यावरचा कॅमेरा

दाजी : टेप कुठे घालायची एवढंच विचारलं, बाई. त्यात हसण्यासारखं काय आहे?

दुकानवाली : हसले नाही हो काका. याला टेप लागतच नाही. हे बघा, इथे बाजूला हे नखाएवढं कार्ड सरकवायचं. अख्खं लग्न मावतं यात.

दाजी : नखाएवढं! आणि हरवलं म्हणजे? नवरा, नवरी, दोन्हीकडचे व्याही, सगळे केरात?

मेहुणा : तुमच्या टेपा उंदरांनी खाल्ल्या, तेव्हा व्याही कुठे गेले होते दाजी?

दाजी : तू बोलू नकोस क्लिक्या. तुझी खरेदी झाली ना? आल्या आल्या त्या काळ्या डबीवर बोट ठेवलंस आणि मोकळा झालास. लग्नसुद्धा असंच ठरवलंस.

मेहुणा : डबी काय, डिजिटल एसएलआर आहे. माझी जुनी भिंगं बसतात त्याला, म्हणून घेतला. फोटोवाल्याचं काम सरळ असतं.

दाजी : असणारच. ‘हसा’ म्हटलं की संपलं तुमचं. व्हिडिओवाल्याला समोरचा हसायचा थांबेपर्यंत उभं राहावं लागतं. बाई, माझा कॅमेरा मी तुमच्या वडिलांकडून घेतला होता, याच काउंटरवर. खांद्यावर ठेवला तर मान वाकडी झाली.

दुकानवाली : बाबा सांगायचे. खांद्यासाठी गादी शिवून घेतली होती ना तुम्ही?

दाजी : याच्या बहिणीने शिवली. स्वतःच्या उशीतला कापूस काढून. तरी खांद्याला खड्डा पडला तो पडलाच. टेपा मिळायच्या बंद झाल्या नसत्या, तर तोच पुढे ओढला असता मी.

दुकानवाली : आता खड्डा पडायचा नाही. धरा हा. तळहातावर बसतो की नाही?

दाजी : अगं, हा तर रिकामाच आहे! आत काही भरलंय की नुसतं टरफल?

दुकानवाली : सगळं भरलंय. समोरच्या भिंतीवरचं घड्याळ घ्या बघू. तुम्ही जे घ्याल ते या टीव्हीवर दिसेल.

दाजी : घेतलं. बघ क्लिक्या, आकडे कसे स्वच्छ… बाई, तुमच्या टीव्हीची वायर सैल आहे.

दुकानवाली : वायर? नाही हो.

दाजी : मग घड्याळ का हलतंय?

दुकानवाली : नवीन हाताला होतं तसं पहिल्यांदा.

दाजी : नवीन हात! ऐकलंस का रे? तुझी ताई माझ्या घरात आली, त्याच्या आधीपासून हा हात हेच करतोय.

दुकानवाली : तसं नव्हे. हलका कॅमेरा हाताचं सगळं ऐकतो. चित्र स्थिर ठेवायचं एक बटण असतं, थांबा हं… ते तर चालूच आहे.

दाजी : चालू आहे? मग हा बिघडलाय. दुसरा काढा.

दुकानवाली : हा थोडा मोठा आहे. दोन्ही हातांनी धरा.

दाजी : याचं तर आणखी वाईट. रस्त्यावरून ट्रक जातायत ना सारखे, तुमची फरशी हादरते. वडिलांच्या वेळी अशी नव्हती. क्लिक्या, तू धर.

मेहुणा : राहू द्या ना दाजी. दुसरीकडे बघू.

दाजी : धर म्हणतो ना. दोष फरशीचा आहे, हे बाईंना दिसू दे.

(मेहुणा कॅमेरा धरतो. टीव्हीवर घड्याळ जागच्या जागी थांबतं.)

दाजी : फरशी चांगली आहे तुमची, बाई.

दुकानवाली : काका, बसा जरा. पाणी देऊ?

दाजी : पाण्याने काय होणार?

मेहुणा : जुना कॅमेरा जड होता दाजी. खांद्यावर दाबून बसायचा, गालाला टेकायचा. हाताला हलायला जागाच नसायची. त्याच्या वजनाखाली हे सगळं झाकून राहिलं.

दाजी : तुला बरं माहीत!

मेहुणा : एडिटिंगला मीच बसतो ना. झूमच्या बटणावर तुमचं बोट गेलं की चित्र थरथरतं. मग तेवढ्या जागी मी माझे फोटो टाकतो. लोकांना वाटतं, नवी फॅशन आहे.

दाजी : मला वाटलं, मेहुण्याला स्वतःच्या फोटोंचं फार कौतुक. तोंडावर बोललो नाही, एवढंच. आणि तू मला सांगितलं नाहीस?

मेहुणा : ताई नको म्हणाली.

दाजी : तिचा काय संबंध? ती कुठे एडिटिंगला बसते?

मेहुणा : तिच्या समोर बसून जेवता की तुम्ही. चहा अर्धा कपच का देते ती हल्ली? भरलेला कप सांडतो. तो तुमच्या हातून सांडू नये म्हणून.

दाजी : चार माणसांत चिकट म्हणालो मी तिला.

मेहुणा : माहीत आहे.

दाजी : ती हसली होती तेव्हा.

मेहुणा : आज मला तिनेच पाठवलं तुमच्याबरोबर. म्हणाली, जे कळायचं ते दुकानात कळू दे. मांडवात कुणी परक्याने ऐकवायला नको.

दाजी : म्हणजे मी कॅमेरा बघायला आलो, आणि तुम्ही मला बघायला आणलंत. बाई, तुम्हीही यांना सामील होतात?

दुकानवाली : नाही हो काका, शप्पथ. मला वाटलं होतं, आज दोन कॅमेरे जातील.

दाजी : हे खरं बोललात.

मेहुणा : आपण डॉक्टरकडे जाऊ दाजी. हल्ली औषधं असतात.

दाजी : आहेत. टेपांच्या कपाटात, मागच्या रांगेत ठेवल्यात गोळ्या. तिकडे तुझी ताई धुळीला भिऊन जात नाही.

मेहुणा : तुम्ही जाऊन आलात? कधी?

दाजी : आलो एकदा. डॉक्टर म्हणाला, वाढत जाईल. आहे तेवढ्यावर राहिलं तरी नशीब समजा. मला ते पटलं नाही. मी म्हटलं, त्याला काय माहीत मी रोज काय उचलतो ते. एवढं वजन उचलून कुणाचाही हात थरथरेल. हलका कॅमेरा आला की थांबेल. गोळ्यासुद्धा बंद केल्या मी. या हलक्या कॅमेऱ्याच्या भरवशावर बंद केल्या.

मेहुणा : दाजी…

दाजी : आणि तो जडच मला धरून होता.

दुकानवाली : तिपाई घेतली तर, काका? चांगल्या आहेत आमच्याकडे.

दाजी : तिपाईवर तुमची भिंत घेता येईल, बाई. सासरी निघालेली पोरगी बापाच्या गळ्यात कुठे पडणार, हे आधी ठरलेलं असतं का? तिच्या पुढे उलट्या पावलांनी चालावं लागतं, कुणाच्या पायावर पाय न देता. या काळ्या डबीत व्हिडिओ निघतो ना हो?

दुकानवाली : निघतो तसा.

दाजी : ‘तसा’ नको. नीट सांगा.

दुकानवाली : चांगला निघतो, काका.

दाजी : मग दुसरा कशाला घ्यायचा? हा ठेवा आत.

मेहुणा : मला व्हिडिओ जमत नाही दाजी. मी कधी केलंय का?

दाजी : जमेल. तुझी खोड एकच. हवं ते मिळालं की लगेच कॅमेऱ्यावरून डोळा काढतोस. तसं करू नकोस. गाडी निघून गेली तरी चालू ठेव. पोरीचा बाप तिथेच उभा राहतो. मग उगाच खुर्च्या सरळ करत सुटतो. कुणी सांगितलेलं नसतं त्याला. ते घ्यायचं.

मेहुणा : तुम्ही या बरोबर. लाईट धरा.

दाजी : लाईट हलला की सगळ्यांच्या सावल्या नाचायला लागतात. लग्नघरात भुतं आणायचीत का?

मेहुणा : मग नुसतं सांगायला या.

दाजी : लग्नात सांगणारे कमी असतात का रे?

मेहुणा : ताईला काय सांगू?

दाजी : तू काही सांगू नकोस. मी घरी गेलो की तिला कळेल.

दुकानवाली : काका, मी बॅगा दोन काढल्या होत्या.

दाजी : एकच भरा.

दुकानवाली : झाली भरून. दादा, धरा ही.

दाजी : त्याच्याकडे नको, माझ्याकडे द्या. बॅग कितीही हलली तरी ती कुणाला टीव्हीवर बघायची नाहीये.