इनायतभाई, वारंगा फाटा

न्हाई, परत सांगा दादा, ह्या शेगडीच्या आवाजात मला नीट ऐकू आलं न्हाई — कितवा नंबर? तिसरा. ह्या शतकात सगळ्यात जास्त विकलेली मराठी रॉक गाणी, आन त्यात आमच्या फाट्याच्या गाण्याचा नंबर तिसरा. बरं. आन शतक सरलं का? पाव झालंय, पाऊण बाकी हाय, तुमी आत्ताच नंबर लावून मोकळे. बसा की, उभ्यानं काहून पिऊन राहिले, बाकडं पुसलेलं हाय. तो मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवलाय तर राहू द्या, पण त्याचं तोंड माझ्याकडं करू नका — तिकडं रोडाकडं करा, ट्रका काढा, नांदेडची यष्टी काढा. माझा निस्ता आवाज येईल म्हणता? येऊ द्या. आवाजानं काय होतंय.

इनायतभाईचं दुकान पाहायचंय ना तुमाला? मला ठाऊकच व्हतं. गाडीवरून उतरल्या उतरल्या माणूस इकडं तिकडं पाहायला लागला की मी वळखते, हा बी त्यातलाच. मागं पुण्याची पोरं आली व्हती बुलेटवर, त्या बंद शटरसमोर उभी राहून हात वर करून वरडत व्हती — इनायतभाई, वारंगा फाटा, इनायतभाई, वारंगा फाटा — ट्रकवाले थांबून पाहून राहिले. एक पोरगी तर शटरला हार घालून गेली. मी म्हणलं, अगं बाई, हार काहून? तर म्हणती, मावशी, कोणी फकीर व्हते ना ते. फकीर! मोबाईलमध्ये गाणी भरून द्यायचा तो, काचा बसवायचा, चार्जर इकायचा, जिवंत हाय अजून, तिकडं निजामाबादला सासुरवाडीच्या गावात मोबाईलचे कव्हर इकतो. जित्या माणसाच्या शटरला हार घालून गेली, आन मी चहा हालवत बघत बसले. आन घरी काय वेगळं हाय — आमची आरोही, हिंगोलीला कॉलेजात हाय, तिला फोन लावला की तेच गाणं वाजतं. मी कितीदा म्हणलं, काढ ते, दुसरं कायबी लाव, देवाचं लाव. तर म्हणती, आई, आपल्या फाट्याचं नाव हाय त्यात, मैत्रिणी जळतात माझ्यावर. मग मी फोनच कमी करते. असं फोनात लावूनच इकलं गेलं म्हणता ना ते? व्हय, मग आमच्या घरचा बी हात लागला तुमच्या नंबराला.

तुमी पुण्याचे, तुमाला ते माहीत नसंल, सांगते. तवा मेमरी कार्डाचा जमाना व्हता. डायवर लोक जेवायला थांबले की कार्ड काढून द्यायचे, जेवण होऊस्तोर गाणी भरून मिळायची. पण ह्या दुकानानं भरलेलं गाणं पुढचा दुकानवाला उतरून घ्यायचा आन आपलं म्हणून भरायचा. म्हणून समदे दुकानवाले गाण्यात आपलं नाव टाकायचे — माईकवर बोलायचं, आन ते गाण्यावर चढवायचं. सुरुवातीला टाकलं तर दुसरा कापून टाकतो, म्हणून बराबर मधी टाकायचं, गाणारा गाऊन राहिला असतानाच, त्याच्या आवाजावर. म्हणजे कोणाला कापताच येऊ नये. कुडाळपासून करीमनगरपर्यंत असंच चालायचं. तर ते 'इनायतभाई, वारंगा फाटा' म्हणजे निस्तं दुकानाचं नाव हाय, दादा. त्यात ना फकीर हाय, ना काही. तुमच्या पुण्याच्या त्या बँडवाल्या पोरांना कोण्या ट्रकातून ते गाणं गावलं, त्यांनी दुकानाच्या नावासकट पाठ केलं आन स्टेजवर म्हणलं. म्हणजे उद्या किराणाच्या थैलीवरचा पत्ता बी गातील.

हसून राहिले तुमी. मला हसू येत न्हाई.

कोणाचं व्हतं म्हणजे? एका बाईचं व्हतं. इथलीच, फाट्यावरचीच, तुमाला काय करायचं नाव घेऊन. तिला गाण्याचं कोणी शिकवलेलं न्हाई, शेणाच्या गवऱ्या थापता थापता, भाकरी करता करता जोडायची काही बाही. नवरा ट्रकावर. आज येतो म्हणला की चार दिसांनी यायचा, आला की झोपायचा, उठला की निघायचा. ती बाई रागानं गायची, समजलं का, लाडानं न्हाई — इतकी वाट पाहायला लावतो म्हणून चुलीला शिव्या दिल्यावानी गायची. तर झालं असं, की नेमसिंग म्हणून तांड्यावरचा एक बेंजोवाला व्हता, लग्नात वाजवायचा, त्याचं सामान इनायतच्या दुकानात ठेवलेलं असायचं. त्याचा कर्णा, म्हणजे भोंगा, फाटलेला. बेंजो लावला की असा खरखरून वरडायचा की कुत्री पळायची, म्हणून त्याला बिदाईला कोणी बोलवायचं न्हाई, वरातीलाच बोलवायचं. त्यानं त्या बाईचं गाणं ऐकलं आन म्हणला, वहिनी, ह्याला माझा फाटका कर्णाच पायजे. दुपारचं ऊन, गिऱ्हाईक न्हाई, शटर अर्धं खाली ओढलं, इनायतची बायको नजमुन्निसा पंखा बंद करून मांडीवर लेकरू घेऊन बसली — त्या बाईचंच लेकरू, रांगतं — आन गायलं. एकदाच गायलं. घामानं भिजून गेलो सगळे. नेमसिंग तर रडत व्हता, म्हणत व्हता, असं आपून कधी वाजवलंच न्हाई. आता त्यालाच तुमी रॉक म्हणून राहिले. म्हणा. आमी त्याला कर्णा फाटलाय म्हणत व्हतो.

काय म्हणले? लोकगीत? मुलाखतीत लोकगीत म्हणलं त्या बँडवाल्यांनी? लोकांनी मिळून गायलं व्हतं का ते? एका बाईनं गायलं, तिचा गळा, तिच्या नवऱ्यावरचा तिचा राग, लोकं तवा कुठं व्हती? लोकं नंतर आली. लोकांचं सांगते मी तुमाला, थांबा.

दोन ओळी हायत त्या, तुमाला पाठच असतील — रस्त्यानं रस्ता गिळला, चुलीनं रात खाल्ली, सांग जागू कोणासाठी, सांग जागू कोणासाठी. आन त्याच्यापुढं? पुढं इनायतनं दुकानाचं नाव टाकलं. त्याला वाटलं मधली जागा हाय, तिथं टाकलं, रोजच्यासारखं, पन्नास गाण्यात टाकतो तसं. त्याच्या मनात काय न्हाई, माझ्या— त्या बाईच्या बी मनात काय न्हाई, तिनं ऐकून हसून घेतलं. गाणं निघालं ट्रकामधून. आन ती जे नवऱ्याचं म्हणून गायली व्हती, ते नवऱ्यानं कुठं ऐकलं ठाऊक हाय? अदिलाबादच्या पुढं, एका धाब्यावर, दुसऱ्याच्या गाडीत. बायकोचा आवाज त्यानं लगेच वळखला. बायको विचारून राहिली, जागू कोणासाठी, जागू कोणासाठी, आन वरून गडी माणूस म्हणतो — इनायतभाई, वारंगा फाटा. खाटंवर बसलेले डायवर हसले. एकानं विचारलं, कोण रे हा इनायतभाई, नशीबवान हाय. ह्यानं जेवण तसंच सोडलं.

मारलं न्हाई त्यानं. मारलं असतं तर बरं. घरी आला, भाऊ घेऊन दुकानावर गेला, शटर वर केलं, त्या कॉम्प्युटरचा पार चुरा केला. गाणं मुळात जसं गायलं व्हतं, दुकानाच्या नावाबिगर, ते त्यातच व्हतं, तेबी गेलं. त्यात नाव मुसलमानाचं, मग काय विचारता, ज्यांनी आयुष्यात त्या दुकानात पाय टाकला न्हाई ते बी बोलायला आले. इनायत हात जोडून सांगत व्हता, भाऊ, कसम खुदा की, दुकानाचं नाव हाय निस्तं, हे बघ, बाकीच्या गाण्यात बी हाय. कोणी ऐकलं न्हाई. नजमुन्निसाला कोणी विचारलंच न्हाई, ती तर तिथं बसली व्हती लेकराला घेऊन. आठ दिसात टेम्पो भरून गेले ते. जाताना ती लेकराच्या गालाला हात लावून गेली, त्या बाईशी बोलली न्हाई, आन त्यात तिचं काय चुकलं? आन घरात त्या नवऱ्यानं ते लेकरू उचललं, बायकोच्या पुढ्यात ठेवलं आन म्हणला, हिच्या डोक्यावर हात ठेव आन म्हण — पुन्हा गाणं तोंडातून काढलं तर हिचं वाईट होईल. ठेवला हात. काय करती? पोरीला ताप आला की अजून वाटतं, झोपेत तर काही गुणगुणले न्हाई ना मी— ना ती, असं वाटतं तिला. अंगाई म्हणली न्हाई तिनं पोरीला. मुकीनं झोपवलं.

आन तो नवरा हाय की, अजून गाडीवरच हाय. त्याच्या बी गाडीत लावतो किन्नर, गाडीवरचा क्लीनर पोरगा, ते पुण्यावालं गाणं, हा बंद करतो. मला तुमच्या नंबराचा राग न्हाई दादा. मला राग ह्याचा हाय, की ज्या नावानं दोन घरं बसली ते नाव तुमी सभा भरवून वरडता, त्याच्यावर नाचता, आन वर अर्थ सांगता. ऐकलाय मी तो अर्थ, आरोहीनं ऐकवला, तो केस वाढवलेला गाणारा पोरगा डोळे झाकून सांगून राहिला — भक्तानं विचारलं, कोणासाठी जागू, आन फकिराचं नाव हेच त्याचं उत्तर. काय उत्तर? उत्तर तिनं दिलेलं हाय. ते त्या नावाच्या खाली दबलंय, कोणी ऐकलंच न्हाई, नवऱ्यानं बी ऐकलं न्हाई. सांगून पाहिलं त्याला, तर म्हणला, आता बनवलंस. तुमी बी तेच म्हणणार. बनवलं न्हाई, दादा, खाली वेगळी ओळ हाय, आन ती अशी सपाट न्हाई म्हणायची, तुमचा तो पोरगा 'कोणासाठी'ला श्वास सोडतो, तिथं सोडायचाच न्हाई, तिथं दम धरून खाली यायचं, असं — सांग जागू कोणासाठी, सांग जागू कोणासाठी — माझ्या डायवरासाठी गं, माझ्या डाय—

थांबा.

काय बोलू नका. गप बसा जरा. माझा मोबाईल कुठं हाय — तो, गल्ल्यामागं, द्या इकडं, न्हाई, तुमीच लावा, आरोही म्हणून हाय त्यात, वरूनच पयलं. लागला? द्या. … हे बघा, वाजलं. तेच वाजतं. इनायतभाई, वारंगा फाटा. उचल गं. उचल माय, उचल. …

आरोही? कुठं हायस तू? कॉलेजात ना? रोडावर न्हाई ना? डोकं दुखतंय का, काही होतंय का? न्हाई, असंच. सहजच केला. न्हाई गं, आवाजाला काय झालं, धूर हाय इथं. गाडीवर कोणाच्या मागं बसू नको आज. येताना यष्टीनंच ये. माझं ऐक. ठेव.

बरी हाय. म्हणती तिसरा तास चालू हाय, सर रागावतील.

तो तुमचा मोबाईल घ्या. घ्या तो डब्याजवळून. पुसा ते. समदं पुसा, पयल्यापासून, माझ्यासमोर. मला काही सांगू नका, हे लई मोलाचं हाय आन फलाणं हाय, मला ठाऊक हाय काय हाय ते, तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक हाय. पुसा म्हणलं ना. … दाखवा. गेलं? कुठं दुसरीकडं राहत तर न्हाई ना? बरं.

चहा गार झाला, ठेवा तो. तुमाला दुकान पाहायचं व्हतं ना — ते तिकडं, पंक्चरवाल्याच्या पलीकडं, निळं शटर. जा, घ्या फोटो.